बिनजयंतीचा पुतळा

कोंडीराम इंगोले पुण्यात नेमकं काय काम करतो, हे लग्न होईपर्यंत शालूच्या माहेरी कुणालाच कळलं नव्हतं. वाशीमकडच्या त्या गावात सोयरीक जमवणाऱ्याने ‘महापालिकेत आहे, कायम नोकरी’ एवढं सांगून वेळ मारून नेली होती. लग्न होऊन शालू विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत आली. तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचा खाकी गणवेश धुवायला काढला, तर एका खिशातून कबुतराची पिसं निघाली आणि दुसऱ्यातून गांधीलमाश्यांचं वाळलेलं पोळं. तिने दोन्ही जिन्नस त्याच्यापुढे ठेवले. मग त्याला सांगावंच लागलं.

“मी पुतळे धुतो,” तो म्हणाला.

शालूने थोडा विचार केला. “रोज?”

“एकच रोज नाही. पाळीपाळीनं.”

“अन् बाकीच्या दिवशी?”

“बाकीच्या दिवशी दुसरे पुतळे.”

शालूला हसू फुटलं आणि कोंडीरामचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं तिने ते पोळं खिडकीत ठेवलं होतं. शेजारणींना ती सांगायची, की हे घोड्याच्या पोटाखालून आणलेलं आहे.

कोंडीरामच्या यादीत एकोणीस पुतळे होते. अकरा उभे, पाच छातीपर्यंतचे आणि तीन घोड्यावरचे. प्रत्येकाची आंघोळ वर्षातून दोनदा, जयंतीच्या आणि पुण्यतिथीच्या सकाळी. उरलेल्या दिवशी पालापाचोळा काढायचा, चौथऱ्याच्या फटीत उगवलेला पिंपळ उपटायचा, पुतळ्याच्या हातातल्या उघड्या पुस्तकात साचलेलं पावसाचं पाणी टिपून घ्यायचं. ते टिपलं नाही तर त्यात डास होतात. शहराने ज्यांना खालून पाहिलं त्या सगळ्या माणसांना कोंडीराम वरून ओळखत होता. कुणाच्या कानात धूळ बसते, कुणाच्या पगडीवर कबुतरं बसतात, कुणाच्या उपरण्याच्या घडीत गुलमोहराच्या शेंगा अडकतात, हे त्याला पाठ होतं. शिडीवर पाय ठेवण्याआधी तो चपला काढायचा. पुतळ्याच्या खांद्यावर तळहात टेकायची वेळ आली की मनातल्या मनात “माफ करा” म्हणायचा.

आठच्या आत काम उरकायचं. मग मांडव, हार, पांढरे कपडे, भाषणं. तोवर कोंडीराम पाण्याची नळी गुंडाळून टेंपोच्या आडोशाला चहा पीत उभा असायचा. एवढ्या वर्षांत त्याने एकही भाषण शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. त्याचं त्याला काही वाटतही नसे.

एकदाच काय तो त्याच्या कामाने गर्दीचं लक्ष वेधलं होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीची एक जयंती होती. तो शिडी घेऊन पोचला तर चौथऱ्याभोवती दोन-तीनशे माणसं जमलेली आणि पोलिसांची गाडी आडवी लावलेली. पुतळ्याच्या छातीवर जांभळा डाग पडला होता. कुणीतरी मुद्दाम शाई फेकली, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता आणि सांगता सांगता आवाज चढत होते. दुकानांची शटरं खाली यायला लागली होती. फौजदार कुणालाच पुढे जाऊ देईना. कोंडीरामने चपला काढल्या आणि म्हणाला, “साहेब, मला नेहमीसारखं वर जाऊ द्या. काय आहे ते बघून सांगतो.”

तो वर गेला. डागाचा वास घेतला, ओल्या फडक्याने तो हलकेच पुसला, आणि कोटाच्या दगडी खिशातून एक बी काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

“जांभळाची आहे,” तो म्हणाला. “मागं झाड आहे. साळुंक्या खातात आणि इथं येऊन बसतात.”

मग मागच्या बाजूला कुणीतरी खाकरल्यासारखं हसलं आणि ते हसू पुढेपर्यंत आलं. शटरं पुन्हा वर गेली. फौजदाराने कोंडीरामला स्वतःच्या हाताने चहा दिला. मात्र पुढच्या वर्षी त्या पुतळ्याभोवती उंच लोखंडी कठडा आला. मग इतर पुतळ्यांभोवतीही एकेक करून कठडे आले. सगळ्यांना कुलपं, आणि कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा कोंडीरामच्या कमरेला. पुतळ्याला हात लावणारे आता दोघेच उरले होते, तो आणि कबुतरं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्याच्या यादीत विसावं नाव आलं. विश्रांतवाडीतच, आळंदी रस्त्याच्या कडेला, बसथांब्यामागे एक तिकोनी मोकळी जागा होती. तिथे सुशोभीकरणात एक शिल्प बसवलं गेलं. कोंडीराम घरी जाता-येता ते बघायचा. तीन जाडजूड स्टीलच्या नळ्या जमिनीतून वर येऊन वेलीसारख्या वळल्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट तोंड होतं. तशीच तीन तोंडं पन्नास पावलांवर, दुसऱ्या कोपऱ्यातल्या बाकांजवळ जमिनीतून निघाली होती. चौथरा नाही, चेहरा नाही, तलवार नाही की पुस्तक नाही. खाली छोटीशी पाटी होती आणि तिच्यावर एकच शब्द: ‘ऐका’.

आठवड्याच्या आत पाटीखाली कुणीतरी खडूने लिहिलं, ‘सांगा’. दुसऱ्या आठवड्यात एका तोंडाला दोऱ्याने पुठ्ठा लटकला. त्यावर वळणदार अक्षरात मजकूर होता: ‘पाणी कधी येणार, याचा खुलासा संबंधितांनी करावा.’ तेव्हापासून आख्खी विश्रांतवाडी त्या जागेला ‘नळ’ म्हणू लागली. रिक्षावाल्यांना “नळावर सोडा” म्हटलं की कळायचं.

कोंडीराम यादी घेऊन ऑफिसात सुदर्शनकडे गेला. सुदर्शन त्याच्या खात्यातला तरुण कारकून, वयाने मुलासारखा, पण टेबलामागे बसला की साहेबासारखा.

“याची जयंती कधी?” कोंडीरामने विचारलं.

“याला जयंती नाही, कोंडीरामभाऊ. यात कुणी जन्मलेलं नाही आणि गेलेलंही नाही.”

“मग धुवायचं कधी?”

“घाण दिसेल तेव्हा धुवा.”

हे उत्तर कोंडीरामला पटलं नाही. ज्याला आंघोळीचा दिवसच नाही, अशा गोष्टीला कुणी मनापासून आंघोळ घालेल का, असं त्याला वाटलं. तरी तो एका बुधवारी सकाळी बादली, ब्रश आणि शिडी घेऊन गेला. सवयीने चपला काढल्या आणि तसाच उभा राहिला. पुतळा डोक्यापासून धुवायला घेतात. याचं डोकं कुठलं? शेवटी सगळ्यात उंच तोंड त्याने डोकं मानलं आणि आत हात घातला. आत प्लॅस्टिकात गुंडाळलेला फोमचा मोठा बोळा होता. कचरा समजून त्याने तो ओढून काढला. दुसऱ्या-तिसऱ्या तोंडातही तसाच. पन्नास पावलं चालून पलीकडच्या तोंडांतलेही काढले आणि परत येऊन शिडीवरून पहिल्या तोंडात ओलं फडकं घातलं. तेवढ्यात नळीतून, अगदी कानाशी, कुणीतरी खणखणीत आवाजात बोललं.

“माझं स्पष्ट मत आहे, की हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला याच्याखाली बादली घेऊन बसवलं पाहिजे.”

कोंडीरामने दचकून आजूबाजूला पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. पन्नास पावलांवरच्या बाकावर नुकतेच येऊन बसलेले एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याशी बोलत होते आणि त्यांच्या डोक्यामागे नळीचं तोंड होतं. या टोकाच्या नळ्या जमिनीखालून त्या टोकाला जोडलेल्या आहेत, हे कोंडीरामच्या ध्यानात आलं. एरवी तो कुणाच्या बोलण्यात पडणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्याने तोंड नळीजवळ नेलं आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, “साहेब, यातून पाणी नाही येत. आवाज येतो.”

बाकावरचे गृहस्थ ताडकन उभे राहिले. त्यांनी आधी आकाशाकडे, मग शेजाऱ्याकडे आणि मग नळीकडे पाहिलं. ते बापूराव घाटपांडे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून नोकरी झालेली, आता एका सोसायटीचे अध्यक्ष, आणि तक्रारअर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारं परिसरात कुणी नव्हतं. पुठ्ठ्याची पाटीही त्यांचीच. ते नळीपाशी वाकले.

“कोण बोलतंय?”

“कोंडीराम इंगोले. पुतळे धुतो मी.”

“आपण कुठून बोलताय?”

“समोर बघा. शिडीवर.”

बापूरावांनी समोर पाहिलं. कोंडीरामने फडकं हलवलं. बापूराव पुन्हा वाकून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “हे बघा इंगोले, बादलीचं ते मी तुम्हाला उद्देशून म्हणालो नव्हतो.”

त्या दुपारी सुदर्शनचा फोन आला. बोळे उद्घाटनापर्यंत काढायचे नव्हते. पाहुणे आजारी असल्याने तारीख लांबली होती, आणि आता कोंडीरामने ते काढून टाकले म्हणजे उद्घाटन त्यानेच केलं, असा त्याचा अर्थ झाला. दुसऱ्या दिवशी शिल्प करणारी बाई तिथे येणार आहे, तिला तोंड द्या, असं सुदर्शनने सांगितलं.

बाई आली ती स्कूटरवरून. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हाताला वेल्डिंगचे बारीक चटके. हेल्मेट काढताच म्हणाली, “कोंडीरामकाका, तुम्ही? ओळखलंत का? मी रुमाना. कासिमभाईंची.”

खडकीच्या कासिमभाईंच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातूनच कोंडीरामच्या तीन शिड्या बनून आल्या होत्या. तिथे फ्रॉक घालून खेळणारी पोरगी त्याला आठवत होती. तो माफी मागायला लागला तर तिने त्याला थांबवलं.

“बरं झालं काढलंत. मला त्या उद्घाटनाचं टेन्शनच होतं. लोक हार कुठे घालायचा ते विचारत होते.”

“पण हे सुचलं कसं तुला?”

“दुकानात ग्राइंडर चालू असला की अब्बांना हाक ऐकू जायची नाही. मी लहान होते, तर पाइपाच्या एका टोकाला तोंड लावून बोलायचे आणि दुसरं टोक त्यांच्या कानाशी. अम्मीचे सगळे निरोप असेच जायचे. ‘जेवायला चला’ वगैरे.” ती हसली. “मला वाटायचं, या शहरात सगळे एकमेकांच्या शेजारी उभे असतात आणि कुणाला काही ऐकू जात नाही. म्हणून हे.”

पंधरा दिवसांत त्या तिकोनी तुकड्याचं रूपच पालटलं. सकाळी हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसची वाट बघणारी मुलंमुली नळीत तोंड घालून पहिलं वाक्य हटकून “अ‍ॅम आय ऑडिबल?” हेच बोलायची, आणि पलीकडून एखादे आजोबा “नाही” असं उत्तर द्यायचे. भाजी घ्यायला निघालेल्या बाया एकमेकींना भाव विचारायच्या. शाळा सुटली की रांग लागायची. अनोळखी माणसाला समोरासमोर जे बोलायचा धीर होत नाही ते पन्नास पावलांवरून सहज बोलता येतं, हे लोकांच्या लक्षात आलं. एक कॉलेजचा मुलगा रोज एका टोकाला गणिताच्या शंका विचारायचा आणि एक निवृत्त बाई त्या सोडवायच्या. दोघांनी एकमेकांना नीट पाहिलंही नव्हतं.

कोंडीराम आता दर बुधवारी जायला लागला. घाण असो नसो. नळ्यांतून वेफर्सच्या पिशव्या निघायच्या, एकदा चष्मा निघाला. आणि एक नवीनच गोष्ट घडायला लागली: लोक त्याला प्रश्न विचारू लागले. एकोणीस पुतळे धुताना त्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं, कारण पुतळ्यांविषयी सगळ्यांना सगळं माहीत असतं. हे काय आहे, कुणी केलं, आवाज जातो कसा, हे सांगता सांगता त्याचा चहा थंड व्हायचा. घरी आला की तो शालूलाही सांगत बसे. “तुमचं तोंड एवढं कधीपासून चालायले लागलं,” शालू म्हणायची, पण ऐकायची सगळं.

मग एका संध्याकाळी बापूरावांची सात वर्षांची नात, स्वराली, पळत पळत नळीकडे आली आणि तिचं कपाळ तोंडाच्या काठावर आपटलं. तीन टाके पडले. स्वरालीला टाक्यांचं विशेष काही वाटलं नाही, उलट शाळेत भाव वधारला. पण बापूराव दोन रात्री तिच्या उशाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज केला: शिल्पाभोवती पाच फुटी कठडा बसवावा आणि त्याला कुलूप असावं. खाली चव्वेचाळीस सह्या. लगोलग दुसरा अर्ज गेला, कठडा नको म्हणून. त्यावर एकावन्न सह्या. त्यातल्या नऊ जणांनी दोन्हीकडे सही केली होती.

सुदर्शनने कोंडीरामला बोलावलं. दोन्ही अर्ज पुढे ठेवले. “साहेबांनी सांगितलंय, नेहमी तिथे असणाऱ्या माणसाचा अभिप्राय घ्या. लेखी. म्हणजे तुमचा.”

“माझा?”

“दुसरं कोण आहे तिथे?”

एकतीस वर्षांच्या नोकरीत कोंडीरामने हजेरीपटावर सही केली होती, रजेचे अर्ज लिहिले होते. अभिप्राय हा शब्द त्याने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. कोरा कागद घडी करून खिशात घातला आणि तो सरळ खडकीला गेला.

कासिमभाई चष्मा कपाळावर सरकवून एका खिडकीची जाळी जोडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“कोंडीरामभाऊ, खरं सांगू? तुमच्या पुतळ्यांपैकी सहांचे कठडे मीच केलेत. हाही करायला सांगितला तर करीन. मुलगी माझी, पण धंदापण माझाच.”

“अब्बांनी केला तर निदान वेल्डिंग तरी चांगलं होईल,” रुमाना आतून म्हणाली. ती बाहेर आली आणि कोंडीरामसमोर स्टुलावर बसली. “काका, मी कठड्याच्या विरोधात आहे, हे सगळ्यांना माहितीये. त्यामुळे माझं कुणी ऐकणार नाही. पण त्या पोरीला लागलं, ते माझ्या कामाने लागलं. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. तुम्ही कठडा लिहिलात तरी मी तुमच्यावर रागावणार नाही.”

हे ऐकून कोंडीरामला अधिकच अवघड झालं. घरी आला तेव्हा शालू खाली बसून परातीत भाकरीचं पीठ मळत होती. तो भिंतीला टेकून बसला, कागद पुढे घेऊन.

“काहून असे बसले?” शालूने विचारलं.

त्याने सांगितलं. शालू मळता मळता ऐकत होती. परात सरकू नये म्हणून तिने डावा पंजा काठावर दाबून धरला होता. कोंडीराम बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिला.

“शालू, हा काठ हाताला लागत नाही?”

“काहून लागीन? दुमडेल आहे न. आत तार घालून वळवतात. सरळ पत्रा ठेवला असता तर रोज बोटं कापली असती.”

कोंडीरामने तिच्या हातातून परात जवळजवळ ओढूनच घेतली आणि पीठ लागलेल्या काठावरून अंगठा फिरवला. शालू म्हणाली, “भाकरी खाची आहे का नाही आज?” पण त्याने आधी कागद भरला आणि मग भाकरी खाल्ली.

रविवारी सकाळी तिकोनी तुकड्यावर सगळे जमले. चाळीसेक माणसं असतील. सुदर्शन फाइल घेऊन आला होता, कासिमभाई आणि रुमाना स्कूटरला टेकून उभे होते. कोंडीरामला सगळ्यांसमोर वाचायचं धैर्य होईना. त्याने कागदाची घडी उघडली आणि पुन्हा घातली. तेव्हा बापूराव पुढे आले, म्हणाले, “द्या इकडे. अर्ज वाचायची मला सवय आहे,” आणि खिशातून चष्मा काढला.

“‘मी, कोंडीराम सखाराम इंगोले, लिहून देतो, की पुतळ्याला कठडा लावतात तो त्याला कुणी हात लावू नये म्हणून. ते बरोबर आहे. ती माणसं मोठी होती, आणि त्यांच्यावरून भांडणं होतात. मी ती बघितली आहेत. या शिल्पात मोठा माणूस कुणी नाही. जे दोन टोकांना उभे राहतात तेवढेच यात आहेत. कठडा लावला तर ते बाहेर राहतील आणि आत नुसत्या नळ्या उरतील. मुलीला लागलं ते काठामुळे. सहाही तोंडांचे काठ परातीसारखे आत सळई घालून दुमडावेत. रस्त्याच्या बाजूने मेंदीचं कुंपण लावावं, म्हणजे पोरं पळत पळत थेट नळीवर येणार नाहीत, वळून येतील. मेंदी मी लावीन. किल्ल्या माझ्याकडे पुष्कळ आहेत, अजून एक नको.’”

बापूराव थांबले. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि कागदावर तीन ठिकाणी काहीतरी केलं.

“ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका आहेत,” ते म्हणाले. “त्या मी दुरुस्त केल्या आहेत.”

सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. तेवढ्यात कपाळावर पट्टी लावलेली स्वराली त्यांचा सदरा ओढत म्हणाली, “आजोबा, कठडा नको ना. घरी तुम्ही माझं ऐकत नाही. नळात ऐकता.”

लोक हसले. बापूराव हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

“बाकी मुद्दा बरोबर आहे,” ते म्हणाले आणि कागद कोंडीरामच्या हातात न देता सुदर्शनच्या फाइलीत स्वतः लावला.

कासिमभाईंनी पुढच्या आठवड्यात दोन दिवस तिथेच बसून सहाही काठ दुमडले. रुमाना सळई धरायची, ते ठोकायचे. बघ्यांची गर्दी एवढी झाली की बसथांब्यावर रिकामी बस आली तरी कुणी चढेना. काम संपल्यावर कासिमभाईंनी प्रत्येक काठावरून उलटा तळहात फिरवून पाहिला, आणि मग एका तोंडात वाकून काहीतरी बोलले. पलीकडे रुमानाचा कान होता. काय बोलले ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण ती बराच वेळ नाक ओढत हसत होती.

मेंदी कोंडीरामने लावली. ती कमरेएवढी वाढली तोवर त्याच्या निवृत्तीचा दिवस आला. ऑफिसात शाल, श्रीफळ, सुदर्शनचं छोटं भाषण. ते मात्र त्याने शेवटपर्यंत ऐकलं. किल्ल्यांचा जुडगा त्याने टेबलावर ठेवला आणि कमर हलकी झाली म्हणून दोन दिवस चालताना त्याचा तोल जातोय की काय असं त्याला वाटत राहिलं.

पुढच्या महिन्यात एक जयंती आली. कोंडीराम पांढरा सदरा घालून, शालूला घेऊन गेला. या वेळी टेंपोच्या आडोशाला नाही, गर्दीत. इतकी वर्षं ज्या चेहऱ्यावरून त्याने फडकं फिरवलं होतं तो एवढ्या लांबून त्याने प्रथमच पाहिला. जवळून त्याला फक्त भुवयांची खोबण आणि नाकाशेजारचा चरा दिसायचा. इथून त्या माणसाच्या तोंडावर एक मिस्कील भाव होता. घडवणाऱ्याने तो मुद्दाम ठेवला असणार, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता, याची त्याला गंमत वाटली. “बरे दिसतात,” शालू म्हणाली. “कान नीट धुतले नाहीत,” कोंडीराम म्हणाला. मग दोघांनी रांगेत उभं राहून फुलं वाहिली.

परतताना ते नळावर उतरले. संध्याकाळची गर्दी होती. कोंडीरामने आजवर शालूला कितीदा तरी सांगून पाहिलं होतं, पण ती नळीत कधी बोलली नव्हती. लोक काय म्हणतील, हे तिचं ठरलेलं उत्तर. आज मात्र ती म्हणाली, “तुम्ही तिकडं जा.”

तो पन्नास पावलं चालून गेला, रांगेत थांबला, पाळी आल्यावर वाकला आणि कान लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग शालूचा आवाज, घरातल्यापेक्षा जरा सावकाश.

“ऐकू येते का?”

“येतंय.”

“घरी तुम्ही आपलंच सांगत बसता, म्हणून इथं सांगतो. आता नोकरी नाही. मले गावी जायचं आहे. दोन दिवसांसाठी नाही, चांगलं महिनाभर. मायच्या घरी राहू, वावरात जाऊ. नाही म्हणू नका.”

कोंडीराम उत्तर जुळवायला लागला. पावसाळा तोंडावर आहे, मेंदी छाटायला आली आहे, घर बंद ठेवायचं तर शेजाऱ्यांना सांगावं लागेल. मागे पाठीवर लॅपटॉपची सॅक घेतलेली एक मुलगी घड्याळ बघत उभी होती. नळीतला आवाज तिलाही ऐकू येत असावा.

“काका,” ती म्हणाली, “हो म्हणून टाका ना. आमचीही पाळी येऊ द्या.”

कोंडीराम नळीजवळ वाकला. “हो,” तो म्हणाला. “जाऊ या. महिनाभर.”

पन्नास पावलांवर शालू पदर सावरत सरळ उभी राहिली, आणि तिच्या मागच्या माणसाने पुढे होऊन नळीत विचारलं, “आता पलीकडे कोण?”